कॉम्प्युटरच्या पोटाची पारख

आमच्या कळंबच्या विजेला बाहेरच्या माणसाने नावं ठेवलेली मला खपत नाहीत. वीज होती, मुबलक होती, फक्त एका मापाची नव्हती. संध्याकाळी दिवा लागलाय की नाही हे बघायला बॅटरी घेऊन जावं लागे. पहाटे तोच दिवा असा पेटे की कोंबडे दिवस उगवला समजून आरवून घेत आणि खरा दिवस उगवल्यावर तोंड लपवत. एकदा अशाच पहाटेच्या जोरात आमच्या पंख्याने एवढा वेग घेतला की खाली पसरलेल्या कुरडया आम्हाला घोड नदीच्या पलीकडून गोळा करून आणाव्या लागल्या. दोन-चार कमी भरल्या, तेवढं मी मान्य करतो. बाकी गोष्ट खरी आहे.

याचं कारण म्हणजे मोटारी. नदीवर आणि विहिरींवर गावाच्या मोटारी बसवलेल्या, आणि प्रत्येकीच्या स्टार्टरला ‘ऑटो’ लावलेला. भारनियमनाच्या दिवसांत वीज कधी जाईल, कधी येईल याचा भरवसा नसे. मग तिची वाट बघत विहिरीवर कोण बसणार? ऑटो लावून ठेवला की वीज आल्याबरोबर मोटार आपली आपण सुरू होई. सोय उत्तम, पण ती सगळ्यांनीच करून ठेवलेली. वीज आली रे आली की गावच्या सगळ्या मोटारी एकाच दमात उठत. पंगतीत वाढपी बुंदी घेऊन आत पाऊल टाकतो आणि सगळं गाव एकदम पत्रावळ पुढे करतं, तसं. पहिल्या धक्क्याला वीज मान टाकी, मग लंगडत उभी राही. पाणी भरून मोटारी बंद झाल्या की तीच वीज उधळलेल्या खोंडासारखी धावत येई.

अशा गावात, पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला, वडिलांच्या खताच्या गाळ्यातला एक कोपरा मागून मी कॉम्प्युटर बसवला. दोन हजार सालानंतरचे दिवस. लग्नपत्रिका, बैलगाडा शर्यतीची हँडबिलं, पोरांचे कॉलेजचे प्रोजेक्ट असं काम मिळे. पानं मी जुळवायची, छपाई मंचरच्या छापखान्यात करायची.

आता कॉम्प्युटरला भिंतीतली वीज आहे तशी पचत नाही. ती चावून, बारीक करून, बारा व्होल्टचा घास, पाच व्होल्टचा घास असं त्याला भरवावं लागतं. हे काम मागच्या बाजूला बसवलेला एक पत्र्याचा डबा करतो. बिलावर त्याला एसएमपीएस लिहितात, आम्ही पावर सप्लाय म्हणत असू, आणि माझे थोरले चुलते त्याला ‘पोट’ म्हणत. चुलत्यांचा शब्द सगळ्यात बरोबर होता. कारण आमच्या गावात कॉम्प्युटर आजारी पडला की दुखणं हटकून पोटाचंच निघे. यूपीएस होता, पण तो घरातल्या जुनाट दुखणेकऱ्यासारखा दिवसभर कण्हायचा आणि गरजेच्या वेळी डोळे पांढरे करायचा.

तर त्या वर्षी थोरल्या चुलत्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, अवसरी बुद्रुकला. वडिलांनी मला गाळ्यात गाठलं.

“हे बघ,” ते म्हणाले, “तात्याच्या पोरीची पत्रिका तू करून दाव. धड झाली तर बस इथं डबड्यापाशी. न्हाई झाली, तर चाकणला मावशीच्या दिराला मी शब्द टाकून ठेवलाय. त्यांच्या कंपनीत गिअरला भोकं पाडायला माणूस पायजेल. सकाळच्या पाळीची बस दारावरनं जाती.”

गिअरबद्दल माझा काही आकस नव्हता. पण जन्मभर एकाच मापाची भोकं पाडायची हे माझ्या स्वभावाला झेपणारं नव्हतं. माझ्या तोंडून निघालेली एकही गोष्ट आजवर दोनदा एका मापाची निघालेली नाही. म्हणून ती पत्रिका होणं हा माझ्या जगण्याचाच प्रश्न झाला.

आणि आमच्याकडची पत्रिका म्हणजे काय चिठोरं नव्हे. तिच्यात नवरा-नवरी शोधून काढावी लागतात. आशीर्वाद, प्रमुख उपस्थिती, व्यवस्थापक, निमंत्रक, आणि मग नावांची रांग. आजी सरपंच, माजी सरपंच आणि भावी सरपंच. भावी सरपंचच एवढे होते की त्यांचंच एक पान झालं असतं. कुणाचं नाव कुणाच्या वर यावरून भावकी वेगळी झालेली मी पाहिली आहे. शेवटी लहान मुलांची किलबिल, आणि तीत अजून न जन्मलेल्या एका नातवासाठी चुलत्यांनी जागा धरून ठेवली होती.

चुलते माझ्या शेजारी बसून नावं सांगत, मी टाईप करी. व्यवस्थापकांची रांग निम्म्यावर आली होती. दुपारची गेलेली वीज आली, मोटारी उठल्या, यूपीएसने डोळे पांढरे केले आणि डब्यातून ‘फट्’ असा आवाज झाला. जळक्या वासाने गाळ्यातलं खत सुगंधी वाटायला लागलं. सेव्ह केलेलं थोडं राहिलं, बाकीचे व्यवस्थापक गेले.

“पोट गेलं का?” चुलत्यांनी विचारलं.

“गेलं.”

“मग नवं आणू. पण या बारीला मी येतो. तुला जित्राबाची पारख न्हाई.”

थोरले चुलते बैलांचे पारखी म्हणून जुन्नर-आंबेगावात ओळखले जात. शर्यतीच्या घाटात बैल पळण्याआधी लोक त्यांच्या तोंडाकडे बघत. त्यांनी मिशीला हात लावला तर गाडा पहिला येणार, डोकं खाजवलं तर मालकाने बैल घरी न्यावा. नुसता खूर उमटलेला बघून बैलाच्या आईने गाभण असताना काय खाल्लं होतं ते सांगत, असं मी लोकांना सांगतो, आणि अजून कुणी खोडून काढलेलं नाही.

राजदूत फटफटीवरून आम्ही नारायणगावमार्गे जुन्नरला गेलो. तिथे बाजारपेठेत एक दुकान होतं. घराणं मूळचं कंदील दुरुस्त करणारं, पुढे रेडिओ, मग टीव्ही आणि आता कॉम्प्युटर. दुकानदाराला सगळे भाई म्हणत. बोलण्यात तो चुलत्यांच्या तोडीचा निघाला, त्यामुळे मला त्या दिवशी तोंड उघडायला फार कमी जागा मिळाली.

भाईने काउंटरवर डबे मांडले. चुलत्यांनी प्रत्येक डबा हातावर तोलला, उलटा केला, वायरी ओढून पाहिल्या, जाळीतून आत फुंकर मारली आणि पंख्याला कान लावला.

“हलकं जनावर वढत न्हाई,” ते म्हणाले.

“बरोबर बोललात पावणं,” भाई म्हणाला. “हा उचला. यात तांबं हाय तांबं. बाकीचे निसते पत्रे.”

तो डबा खरोखरच जड होता. वर साडेचारशे वॅटचा चकचकीत कागद चिकटवलेला. पावर सप्लाय वजनावर पारखावा हे पुण्याहून शिकून आलेली पोरंही सांगत, तेव्हा चुलत्यांचं काही चुकत होतं असं नाही. बाजारात बैलाचा सौदा करतात तसा त्यांनी खांद्यावरचा टॉवेल भाईच्या हातावर टाकला आणि खाली बोटांनी बोलायला लागले. मला वाटलं भाई गोंधळेल. तो शांतपणे बोटं दाबत राहिला. त्याच्या आजोबाने बैलबाजारातच कंदील विकले होते.

घरी आणून डबा बसवला. दुपारी उत्तम चालला. संध्याकाळ झाली, विजेचा दाब उतरला आणि कॉम्प्युटर आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. एक नाव टाईप करावं, तो बंद. दुसरं करावं, बंद. एका भावी सरपंचाचं नाव मी इतक्या वेळा टाईप केलं की पुढे तो निवडून आला तेव्हा मला नवल वाटलं नाही.

चुलते पाठीमागे जाऊन डबा निरखत होते. “हे लाल काय हाय?”

डब्याच्या पाठीवर एक लाल खटका होता. एका बाजूला २३० लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला ११५. जेवढ्या दाबाची वीज तेवढ्यावर तो ठेवायचा, असं मी सांगितलं.

“आन आता कुठं हाय?”

“दोनशेतीसवर.”

चुलत्यांनी भिंतीवरच्या, काट्याखेरीज सगळं जळालेल्या स्टॅबिलायझरचा काटा पाहिला. तो सव्वाशेच्या आसपास मान टाकून पडला होता. मग त्यांनी वडिलांना हाक मारली, खताच्या गोण्यांवर बैठक बसली.

“आपल्या गावात दोनशेतीस कुणी पाहिलंय का?” चुलते म्हणाले. “ते मुंबई-पुण्याचं. ज्या जनावराला घमेलंभर वैरण मिळायची, त्याच्या म्होरं हाराभर हाय म्हणून सांगितलं तर ते उपाशीच मरंल. खरं काय ते त्याला सांगावं.”

वडिलांना हे पटलं. मलाही पटलं. आजही कुणी त्या संध्याकाळच्या कळंबात येऊन त्या काट्याकडे बघून ऐकलं, तर त्यालाही पटेल. चुलत्यांनी नखाने खटका ११५ वर सरकवला.

आणि कॉम्प्युटर असा चालला म्हणता. एकदाही बंद नाही, डुलकी नाही. व्यवस्थापक संपले, निमंत्रक संपले. चुलते रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले, “पोटाला खरं सांगितलं की पोट काम करतं.” चार लोक आपापल्या घरच्या टीव्हीला मागे असा खटका आहे का ते बघून आले.

सकाळी मी गाळा उघडला. मोटारी रात्रीच पाणी भरून बंद झालेल्या, विजेला खायला कुणी नाही. ती ताजीतवानी, दोनशेपन्नासाच्या पुढे चढून बसलेली. काट्याकडे बघायची मला सवय नव्हती. मी बटण दाबलं.

तो आवाज असा झाला की मंचरच्या मार्केटात कांद्याचा लिलाव क्षणभर थांबला. निदान त्या दिवशी तिथून आलेला एक जण मला म्हणाला, की काहीतरी ऐकल्यासारखं वाटलं. गाळ्यात धूर, मी गोण्यांच्या मागे, आणि डब्याचं झाकण वर फुगलेलं. चुलते धावत आले. आम्ही स्क्रू काढले. आत काळी राख, टोप्यांसारखे दिसणारे दोन फुटलेले कपॅसिटर आणि तळाला, डिंकाने घट्ट चिकटवलेली, एक लोखंडाची लादी.

चुलत्यांनी ती काढून हातावर तोलली. सगळं वजन तिचंच होतं.

वडील दारात उभे होते. त्यांनी लादीकडे पाहिलं. “चाकणला अशाच लोखंडाशी गाठ हाय,” ते मला म्हणाले. “वळख झाली ते बरं झालं.”

तासाभरात अवसरीहून नवरदेवाकडची पत्रिका आली. पुण्यात छापलेली, सोनेरी, उघडली की आतून गणपती उभा राहणारी. चुलत्यांनी ती बघितली, मिटली आणि गादीखाली पालथी घातली.

“गाडी काढ,” ते म्हणाले.

जुन्नरला भाईने फुगलेला डबा पाहिला, फिरवला आणि खटक्यावर बोट ठेवलं. “हा एकशेपंधरावर कोणी नेला?”

चुलत्यांनी पिशवी चाचपली. मी छताकडे पाहिलं.

मग चुलत्यांनी पिशवीतून लादी काढून काउंटरवर ठेवली. “आन हे तांबं कोणी घातलं?”

भाईने खटक्यावरचं बोट काढून घेतलं. त्याने लादी उचलली, पुन्हा ठेवली. “पावणं, माल पुण्यावरून बंद येतो. मी उघडून बघत न्हाई.”

“आमीबी न्हाई बघितला,” चुलते म्हणाले.

भाईने चहा मागवला. कुणाचं कुणाकडे काही निघत नाही हे चहाबरोबर ठरून गेलं. भाई नवे डबे काढायला उठला, तसा चुलत्यांनी त्याचा हात धरला.

“विकायच्या दावणीतला नको. घरच्या दावणीतला दाखव.”

“म्हणजे?”

“तुमच्या ह्या बिलाच्या कॉम्प्युटरात कुठलं पोट हाय?”

भाईचा चेहरा उतरला. बैलबाजारात हा शेवटचा डाव असतो. व्यापारी विकायला आणतो ते जनावर वेगळं, आणि स्वतःच्या शेतात नांगराला जुंपतो ते वेगळं. दुसऱ्यावर बोट ठेवलं की व्यापारी घाम पुसतो.

“ते विकायचं न्हाई,” भाई म्हणाला.

“म्हणूनच पायजे.”

त्याने कुरकुरत आपला कॉम्प्युटर उघडला. आतला डबा कळकट होता, चकचकीत कागद नाही, वॅटचा आकडाही लहान. कुठल्याशा परदेशी यंत्रातून निघालेला. चुलत्यांनी पाठ पाहिली. “हेला लाल खटका न्हाई?”

“लागत न्हाई. शंभरपासून दोनशेचाळीसपर्यंत, जे यील ते खातो. वर सांगायला लागत न्हाई, खाली सांगायला लागत न्हाई.”

“म्हंजी दुष्काळ काढल्यालं जनावर,” चुलते म्हणाले, आणि डब्यापुढे मी त्यांना पहिल्यांदा मिशीला हात लावताना पाहिलं. वायरी जाड, मिळत्याजुळत्या, आतून काही खडखडत नाही. तरीही बैल पळवून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही असा त्यांचा नियम. “गावात चला. आमच्या घाटात पळवू.”

भाई स्कूटरवरून आमच्या मागे आला. डबा त्याने स्वतःच्या मांडीवर ठेवला होता, आमच्यावर त्याचा विश्वास नव्हता, आणि ते योग्यच होतं.

दुपारी वीज यायच्या आत गाळ्यापुढे निम्मं गाव जमलं. कुणीतरी दयेपोटी आपल्या मोटारीचा ऑटो बंद करेल म्हणून चुलते मळ्यामळ्यात फिरून आले. “ऑटो बंद दिसला तर पत्रिकेतनं नाव काढीन,” असा त्यांनी निरोप दिला होता. ज्यांची मोटार बिघडली होती त्यांनी ती दुरुस्त करून आणली, असंही मी ऐकलं. भाईने यूपीएस बाजूला काढला. आता डबा आणि कळंबची वीज, मध्ये कुणी नाही. वडील रस्त्याच्या कडेला, चाकणच्या बसच्या थांब्यापाशी उभे राहून बघत होते. ती जागा त्यांनी मुद्दाम निवडली होती असं माझं मत आहे.

वीज आली. एरवी लगेच उठणाऱ्या मोटारींनी कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत कशीबशी कळ काढली, आणि पडद्यावर पत्रिका दिसली न दिसली तोच नदीकडून घरघर उठली. दिवा लाल झाला, मग नुसती तार राहिली. पडद्यावरचं चित्र चारी बाजूंनी आकसत पोस्टाच्या तिकिटाएवढं झालं. त्या तिकिटावर सगळे भावी सरपंच एकमेकांना चिकटून उभे होते. डब्याचा पंखा मात्र आपल्या लयीत फिरत होता. हळूहळू चित्र पुन्हा फुगलं.

“माझं नाव हाय का अजून?” चुलत्यांनी विचारलं.

“हाय तात्या.”

“मग ऱ्हाऊ दे चालू.”

सकाळच्या चढत्या विजेची परीक्षा राहिली होती, तेवढ्यासाठी भाई मुक्कामाला थांबला. रात्री चुलतीने मासवड्या केल्या. भाईने त्या इतक्या खाल्ल्या की डबा शंभर ते दोनशेचाळीस खातो हे त्याच्या मालकावरून पटायला हरकत नव्हती. सकाळी काटा दोनशेपन्नासाच्या पुढे बसलेला. सगळे गाळ्याबाहेर, मी एकटा आत. बटण दाबलं. पंखा फिरला, पत्रिका उघडली, आणि बाहेर लोक थोडे निराश झाले, कारण त्यांना आवाजाची आशा होती.

टॉवेलाखाली बोटं पुन्हा बोलली. या वेळी बराच वेळ. बाहेर आल्यावर चुलते मला म्हणाले, “भाईंचं नाव पत्रिकेत घाल. भावी सरपंचांच्या वर.”

“वर?” मी विचारलं.

“वर. त्यांचं पोट आपल्या कामाला आलंय. ह्या बाकीच्यांचं कुणाचं आलंय?”

त्या एका ओळीवरून गावात जे झालं ते सांगायला वेगळी बैठक लागेल. पण पत्रिका झाली. एकही नाव गळलं नाही, न जन्मलेला नातूसुद्धा जागेवर. मंचरहून गठ्ठे आले तेव्हा चुलत्यांनी गादीखालची सोनेरी पत्रिका काढून शेजारी ठेवली, दोन्ही हातांवर तोलून पाहिल्या आणि आपली जड असल्याचं जाहीर केलं.

पावण्यारावळ्यांना पत्रिका वाटायला वडील निघाले तेव्हा मला म्हणाले, “चल, चाकणला बी द्यायचीय.” मी गाडीवर त्यांच्या मागे बसलो. रस्ताभर मला कळेना की मी पत्रिका घेऊन चाललोय की स्वतःला पोचवायला.

मावशीच्या दिरांनी पाणी दिलं, चहा दिला, पत्रिका उघडली. भिंगासारखा चष्मा लावून आपलं नाव शोधलं, सापडल्यावर खूश झाले. “झकास केलीय,” ते म्हणाले. “मग, पोरगं कवा येतंय आमच्याकडं? साहेबांना मी सांगून ठेवलंय.”

वडिलांनी बशीतला चहा संपवला. “त्याला कुठली सवड,” ते म्हणाले. “लग्नसराई तोंडावर आलीय. दोन पत्रिका आजच सांगून गेल्यात लोक.”

मला ते दोन लोक कोण हे आजतागायत कळलेलं नाही. या बाबतीत मी वडिलांवर गेलोय.

परत येताना राजगुरुनगरच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली. पिशवीतली एक पत्रिका काढून पाठीमागची बाजू उन्हात धरली, जिथे कोपऱ्यात मी माझ्या दुकानाची ओळ टाकली होती.

“हे लई बारीक टाकलंयस,” ते म्हणाले. “पुढच्या टायमाला जरा ठळक टाक.”